कथेचा शेवट आणि माणसाचा पालट



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय विचारला, तेव्हा आम्ही गिरणी संपाविषयी किंवा किमान वेतनाच्या कायद्याविषयी बोलू, अशी त्यांची समजूत असावी. त्यात त्यांची काही चूक नाही. पण त्या विषयांवर आम्ही वर्षभर गेटसभांतून बोलतच असतो, आणि ऐकणारेही तेच असतात. वसंत ऋतूत, संध्याकाळच्या गार वाऱ्यात, इतकी मंडळी काही निराळे ऐकावे म्हणून जमलेली असताना पुन्हा महागाई भत्त्याचे कोष्टक वाचून दाखवणे आम्हांस बरे वाटेना. म्हणून आम्ही लघुकथेचा विषय घेतला, आणि त्यातही लघुकथेच्या शेवटाचा.

आम्ही साहित्याचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयाने आणि युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटाने केले. आम्हांस रशियन येत नाही, फ्रेंच येत नाही. जे वाचले ते मराठी, हिंदी आणि अडखळत इंग्रजी भाषांतरांतून. तेव्हा भाषेच्या सौंदर्याविषयी आम्ही बोलणार नाही. आमचा प्रश्न साधा आहे, आणि तो आमच्या धंद्यातून आलेला आहे. माणूस पालटतो का, आणि पालटला असे म्हणायचे ते कशावरून? गेल्या संपात जो फुटला तो पुढच्या संपात फुटणार नाही, हे कशावरून ओळखावे? वाटाघाटीच्या टेबलावर व्यवस्थापक गहिवरून म्हणाला की, आता आपले मन साफ झाले, तर त्याचे शब्द धरावेत की आधी करारावरची सही मागावी? हा प्रश्न घेऊन आम्ही जुन्या थोर लेखकांच्या गोष्टी वाचत आलो, आणि आमच्या ध्यानात आले की प्रत्येकजण आपापल्या परीने याच प्रश्नाशी झगडत होता, आणि उत्तर ठेवीत होता ते बहुधा शेवटच्या पानावर.

शेवटच्याच पानावर का, याला इतिहास आहे. आपल्याकडे कीर्तनातल्या आख्यानात वाल्याचा वाल्मीकी होतो, तेव्हा मध्ये रांजण आहेत, बायकामुलांना विचारायला घरी जाणे आहे, वर्षानुवर्षे चाललेला जप आहे. बुवांना वेळेची वाण नसते. कादंबरीकारालाही शेपाचशे पाने मोकळी असतात. लघुकथा मात्र एकोणिसाव्या शतकात वाढली ती वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या आसऱ्याने. मोपासांच्या कितीतरी गोष्टी पॅरिसच्या दैनिकांत आल्या. चेकॉव्हने विद्यार्थिदशेत घर चालवले ते विनोदी साप्ताहिकांना चुटके पुरवून. संपादकाने मोजून दिलेल्या जागेत माणूस उभा करायचा आणि तो पालटलेलाही दाखवायचा, म्हणजे सारा भार शेवटच्या चार ओळींवर येणारच. जागेच्या या टंचाईतून एक कसब निर्माण झाले.

आमच्या मते या कसबाचा आरंभ पाहायचा तर गोगोलच्या ‘ओव्हरकोट’पाशी जावे. ही कथा १८४२ सालची. पीटर्सबर्गच्या एका सरकारी कचेरीत नकला उतरवणारा अकाकी अकाकियेविच नावाचा कारकून. जुना कोट विरून गेला. नव्यासाठी तो रात्रीचा चहा सोडतो, मेणबत्ती लावीत नाही, बुटांचे तळवे झिजू नयेत म्हणून फरसबंदीवर हलकेच पाऊल टाकतो. कोट होतो, आणि पहिल्याच रात्री चोर तो अंगावरून ओढून नेतात. दाद मागायला तो एका बड्या असामीकडे जातो. ती असामी त्याच्यावर अशी ओरडते की गरिबाचे पाय लटपटतात. घरी जाऊन तो तापाने मरतो. मग शहरात भूत फिरू लागते, लोकांचे कोट हिसकावते, आणि एके रात्री त्या बड्या असामीचाच कोट घेऊन जाते.

आता पालट कोणाचा झाला? कारकुनाचा म्हणाल, तर तो मेला. पालटला तो अधिकारी. त्या रात्रीनंतर हाताखालच्यांवर खेकसण्याचे त्याचे ठरीव शब्द कमी झाले, आणि जेव्हा तो खेकसे तेव्हा निदान समोरच्याचे म्हणणे आधी ऐकून घेई, असे गोगोल सांगतो. तो साधू झाला, त्याने नोकरी सोडून दानधर्म केला, असे गोगोल म्हणत नाही. आधी ऐकून घेऊ लागला, एवढेच. हे माप आम्हांस फार खरे वाटते. चाळीस कलमांचे मागणीपत्र घेऊन गेलो असता ज्याने पहिले कलम तरी पुरते वाचू दिले, त्याला आम्ही सुधारलेला माणूस समजतो. पण गोगोलने यात एक कडू गोष्टही घातली आहे. त्या अधिकाऱ्याला कारकून गेल्यावर थोडी चुटपुट लागली होती, आठवड्याने त्याने चौकशीही केली. तरी वागणूक बदलली नाही. ती बदलली भूत मानगुटीला बसल्यावर. जिवंत कारकुनाच्या अर्जाने जे झाले नाही, ते मेलेल्याच्या भयाने झाले. १८४२ च्या रशियात, जिथे कारकुनाला संघटना नव्हती, त्याचे गाऱ्हाणे छापणारे पत्र नव्हते, तिथे अधिकाऱ्याला पालटवायचे दुसरे साधन गोगोलला सुचले नसेल, तर नवल नाही.

मोपासांकडे आलो म्हणजे भुते संपली. त्यांच्या जागी जमाखर्च आला. ‘हार’ ही त्याची गोष्ट १८८४ च्या फेब्रुवारीत ‘ल गोल्वा’ या दैनिकात आली. ती आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून ती पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली आहे. कारकुनाची बायको मातिल्द मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मेजवानीला घालून जाते, हार हरवतो, नवरा-बायको छत्तीस हजार फ्रँकांचा तसाच दुसरा घेऊन परत करतात आणि दहा वर्षे कर्ज फेडतात. मग मैत्रीण भेटते, आणि कळते की मूळ हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकांचा. गुरुजी इथे थांबून म्हणत, ‘पाहा, कसा धक्का दिला!’ आणि तात्पर्य सांगत की, खोट्या दिमाखाचे फळ असे असते.

आमच्या कचेरीत आम्ही काही मंडळी शनिवारी रात्री गोष्टी मोठ्याने वाचतो. बहुतेक कंत्राटी सफाई कामगार, चारदोन हमाल, एखादा रिक्षावाला. तिथे ही गोष्ट वाचून झाली. आम्ही त्या धक्क्याचेच कौतुक करू लागलो, तेव्हा झाडूकाम करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘‘भाऊ, दागिना खोटा निघाला ते राहू द्या. ती बाई हसली कशी, तेवढं परत वाचा.’’ आम्ही परत वाचले. खरेच, हार खोटा होता हे कळण्याच्या क्षणभर आधी मोपासां एक ओळ लिहून गेला आहे : दोन्ही हारांतला फरक तुला कळलाच नाही ना, असे म्हणून मातिल्द हसते, आणि त्या हसण्यात भोळा अभिमान असतो. कथेच्या आरंभी हीच बाई चांगले लुगडे नाही म्हणून घरात कुढत बसणारी. श्रीमंत मैत्रिणीकडे गेली की परत येऊन रडणारी. दहा वर्षे तिने पाण्याच्या बादल्या जिन्यावरून चढवल्या, भाजीवाल्याशी एकेका पैशाची घासाघीस केली, नखे झिजवली. आणि आज, हात राठ झालेले, अंगावर गरिबाचे कपडे, अशी ती भर रस्त्यात त्या नटलेल्या मैत्रिणीला आपण होऊन नावाने हाक मारते. मैत्रीण ओळखत नाही. तरी ही लाजत नाही. कष्ट करून कर्ज फेडलेल्या माणसाची मान तिला मिळाली आहे. पालट झाला तो हा, आणि तो त्या हाकेत आणि हसण्यात आहे. पुढचा धक्का त्यावर असा आदळतो की वाचणारा ते हसणे विसरून जातो. मोपासां स्वतः काही वर्षे सरकारी खात्यांत कारकुनी करून आला होता. कारकुनाच्या घरातला पैसा त्याला माहीत होता. पण शेवटच्या हिशेबात बाईच्या दहा वर्षांच्या श्रमाची बाजू तो शून्य करून टाकतो की काय, अशी आम्हांस नेहमी रुखरुख लागते. त्या बाईंना मात्र तसे वाटले नाही. त्या म्हणाल्या, ‘‘फेडलं ते फेडलंच की.’’

धक्क्याच्या या तऱ्हेचा पुढे अमेरिकेत ओ. हेन्रीने कारखानाच काढला. त्याच्या फार गोष्टींविषयी बोलण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही. एक मात्र बाजूला काढून ठेवावी, ती १९०३ सालची जिमी व्हॅलेंटाइन या तिजोरीफोड्याची. चोरी सोडून, नाव बदलून तो संसाराला लागणार असतो. त्याच्या मागावरचा पोलीस त्या गावी येऊन पोचतो. आणि त्याच वेळी तिजोरीत एक मूल कोंडले जाते. जिमी आपली जुनी हत्यारे बाहेर काढून सर्वांदेखत तिजोरी फोडतो. आपण चोर हे उघड होणार, हे ठाऊक असून. पोलीस ओळख दाखवीत नाही आणि निघून जातो, हा शेवट थोडा गोड आहे, पण ओ. हेन्री स्वतः अपहाराच्या आरोपावरून तुरुंगात राहून आलेला होता, त्याला तेवढी आशा करू द्यावी. आमचे लक्ष हत्यारांकडे आहे. जिमीचा पालट त्याने हत्यारे फेकून दिल्याने सिद्ध होत नाही. जुन्या हत्यारांनी, जुन्याच हाताने, निराळे काम केल्याने सिद्ध होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आता आम्ही टॉलस्टॉयकडे येत आहोत, आणि तिथे जरा थांबायचे आहे.

‘मालक आणि मजूर’ ही टॉलस्टॉयची कथा १८९५ सालची. तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती, आणि चारच वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात त्याने गावोगाव अन्नछत्रे चालवली होती. मालकाचे नाव ब्रेखुनोव्ह. गावचा दुकानदार, देवळाचा कारभारी. मजुराचे नाव निकिता, वय पन्नास. रशियातली भूदासांची गुलामी १८६१ साली कायद्याने संपली. निकिता म्हणजे त्यानंतरचा मोकळा मजूर. मोकळा कसा, ते टॉलस्टॉय पहिल्या दोन पानांतच सांगतो, आणि ते वाचताना आम्हांस कामगार न्यायालयातले दावे आठवतात. अशा मजुराचा रास्त मोबदला वर्षाला ऐंशी रूबल. मालक देतो चाळीसच्या आसपास. तेही रोख नाही, चुकते नाही, हिशेबाचा कागद नाही. थोडे थोडे, आणि बरेचसे दुकानातल्या मालाच्या रूपाने, चढ्या भावाने. वर मालक म्हणतो की आपल्यात करार-बिरार कशाला, लागेल ते ने, कामातून फेड. आणि विशेष हे की, आपण निकितावर उपकार करतो आहोत असे त्याला मनापासून वाटते. हे वाक्य लिहायला टॉलस्टॉयच पाहिजे. आम्ही ज्या मालकांशी आयुष्यभर भांडलो, त्यांतले लबाड थोडे, उपकारकर्ते फार.

भर हिवाळ्यात ब्रेखुनोव्ह एक झाडांचे रान स्वस्तात लाटायला निघतो. खिशात तीन हजार रूबल, त्यांतले सातशे त्याचे आणि बाकीचे देवळाच्या पेटीतले. वादळ होते, वाट चुकते. दोनदा ते एकाच गावात येऊन पोचतात. दुसऱ्या खेपेला एका सुखवस्तू घरात चहा होतो, मुक्कामाचा आग्रहही होतो; पण दुसरे व्यापारी आधी पोचतील या धास्तीने मालक पुन्हा निघतो. त्या चहाच्या वेळी एक बारीकशी गोष्ट घडते. निकिता दारूपायी कपडे आणि बूट गमावून बसलेला माणूस. दोन महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली आहे. गारठलेल्या त्याच्यापुढे दारू येते, त्याचा हात जवळजवळ पुढे होतो. मग त्याला शपथ आठवते, मुलाला वसंतात घोडा घेऊन द्यायचा आहे हे आठवते, आणि तो नको म्हणतो. बस्स. कथा पुढे जाते. मजुराचा पालट असा कथेच्या मधोमध, चहाच्या टेबलाशी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी होऊन जातो. मालकाच्या पालटासाठी मात्र वादळ लागते, रात्र लागते आणि सबंध शेवट लागतो.

रात्री रानात ते अडकतात. मालक निकिताला बर्फात टाकून एकटा घोड्यावर बसून पळतो. घोडा गोल फिरून त्याला पुन्हा गाडीपाशीच आणतो. निकिता म्हणतो की आपण मरत आहोत. आपले जे काही देणे निघत असेल ते मुलाला द्या, नाहीतर बायकोला. आयुष्याच्या शेवटच्या क्षणी मजूर मालकाला क्षमा करतो, आणि तरीही थकबाकी मागतो! हा माणूस आमच्या युनियनमध्ये असता, तर त्याला आम्ही खजिनदार केले असते.

आणि आता तो शेवट. ब्रेखुनोव्ह अर्धे मिनिट स्तब्ध उभा राहतो. मग, एखादा किफायतशीर सौदा ठरताना ज्या निश्चयाने तो हातावर हात मारीत असे, त्याच निश्चयाने तो मागे सरतो, बाह्या सावरतो, निकिताच्या अंगावरचे बर्फ उपसू लागतो, आणि आपला फरकोट उघडून त्याच्या अंगावर पालथा पडतो. रात्रभर तो त्याला ऊब देतो. सकाळी मालक गोठून मेलेला, मजूर जिवंत.

टॉलस्टॉय उपदेशाच्या नादी लागलेला म्हातारा, असा आक्षेप पुष्कळांनी घेतला आहे, आणि त्याच्या काही गोष्टींपुरता तो खराही आहे. इथे मात्र त्याने उपदेश केला नाही. त्याने माणसाचा हात पाहिला. पालटाच्या क्षणी ब्रेखुनोव्हच्या अंगात कोणी देवदूत शिरत नाही. तोच हात, तीच व्यापाऱ्याची धडाडी. निकिताला कुशीत घेऊन तो बोलतो तेही सौद्याच्या गोष्टी सांगताना ज्या फुशारकीने बोलायचा त्याच फुशारकीने, आम्ही हे असे आहोत बरे, अशा सुरात. आणि बोलताना त्याला रडू येते. त्याची बढाई सुटली नाही म्हणूनच आमचा विश्वास बसतो. जो माणूस एका रात्रीत बोलण्याची तऱ्हा, चाल, हातवारे सगळेच बदलून येतो, त्याच्याविषयी आम्ही सावध राहतो. तो बहुधा निवडणुकीला उभा असतो.

एवढे सांगून झाल्यावर आम्हांस एक शंका मांडली पाहिजे. मालकाचा पालट झाला खरा, पण झाला तो मरता मरता. तो जिवंत राहून गावी परतला असता, तर निकिताला चाळीसाचे ऐंशी मिळाले असते काय? दुकानातला चढा भाव उतरला असता काय? टॉलस्टॉयने या प्रश्नाला बगल दिली. शेवटच्या भागात तो निकिताचा हिशेब देतो तो असा : दोन महिने दवाखाना, पायाची तीन बोटे गेली, त्यानंतर वीस वर्षे आधी मजूर म्हणून आणि मग राखणदार म्हणून नोकरी, आणि घरी अंथरुणावर शांत मरण. त्या थकबाकीचे काय झाले, याविषयी एक अक्षर नाही. ज्याने पहिल्या पानांवर पैचा हिशेब मांडला, त्याला शेवटी तो आठवला नसेल, हे आम्हांस पटत नाही.

हा प्रश्न कथेपुरता राहिला नाही, म्हणून त्याची इतकी चिकित्सा करतो. टॉलस्टॉयचा आपल्या देशाशी संबंध सर्वांस माहीत आहे. गांधीजींचा त्याच्याशी पत्रव्यवहार झाला, १९१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमाला त्यांनी त्याचे नाव दिले. हृदयपरिवर्तन हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात रुळला. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढ मागितली. कामगार खचू लागले तेव्हा गांधीजींनी उपवास केला. तीन दिवसांत तडजोड झाली, आणि पुढे पंचाने पस्तीस टक्केच दिले. त्या उपवासात मालकांवर दडपण येण्याचा दोष होता, हे गांधीजींनी पुढे आत्मकथेत स्वतः लिहिले. मालकांचे मन वळले की हात पिरगळला गेला, हे त्यांच्यासारख्या माणसालाही छातीवर हात ठेवून सांगता आले नाही. आम्हांस त्यांच्या या कबुलीविषयी त्यांच्या उपवासाहून अधिक आदर वाटतो.

या वातावरणात हिंदी-उर्दू कथेत प्रेमचंद लिहू लागले होते, आणि त्यांच्या कथांच्या शेवटांत हा सारा झगडा उमटलेला दिसतो. सुरुवातीच्या काळातली ‘नमक का दारोगा’ घ्या. मिठाच्या चोरट्या गाड्या पकडणारा दारोगा वंशीधर चाळीस हजारांची लाच नाकारतो. श्रीमंत अलोपीदीन सुटतो, दारोगाची नोकरी जाते. शेवटी तोच अलोपीदीन त्याच्या दारी येऊन त्याला आपल्या सगळ्या मालमत्तेचा कायमचा व्यवस्थापक नेमतो, आणि वंशीधरच्या डोळ्यांत पाणी येते. वाचणारा सुखावतो. आमच्या शनिवारच्या मंडळींनी मात्र लगेच विचारले की, चाळीस हजारांना जो मिळाला नाही तो आता सालाच्या सहा हजारांना मिळाला, मग मालक बदलला कुठे? प्रामाणिक माणूस आपल्या तिजोरीपाशी बसवणे हा शहाणपणाचा सौदाच झाला. प्रेमचंदांना हे अभिप्रेत असेल असे आम्ही म्हणत नाही. पण गोष्ट खऱ्या माणसांची असली की ती लेखकाला नको तेही सांगून जाते.

मग १९३० ची ‘पूस की रात’. मधल्या काळात प्रेमचंदांनी गांधीजींचे भाषण ऐकून सरकारी नोकरी सोडली होती आणि शेतकऱ्याची दैना जवळून पाहिली होती. हल्कू नावाचा गरीब शेतकरी. पौषातल्या थंडीसाठी घोंगडी घ्यायला तीन रुपये जमवले, ते सावकाराने नेले. बायको मुन्नी चिडून म्हणते की सोडा ही शेती, मजुरी करा, निदान भाकरी सुखाने मिळेल. हल्कू पैसे देऊन टाकतो आणि फाटक्या पांघरुणात शेत राखायला जातो, बरोबर जबरा कुत्रा. थंडी अशी की तो कुत्र्याला पोटाशी घेऊन झोपतो. पालापाचोळा जाळून शेकतो; शेकोटी विझते तरी राखेची ऊब उरते. नीलगाई शेतात शिरतात. कुत्रा भुंकून जीव काढतो. हल्कूला चरण्याचा आवाज ऐकू येतो. उठतो, दोन पावले टाकतो, वारा झोंबतो, परत येऊन बसतो. सकाळी शेत साफ झालेले. आणि आता पाहा : मजुरी करा म्हणणारी मुन्नी चिंतेने म्हणते की आता मजुरी करूनच सारा भरावा लागणार; आणि पैसे देताना जणू काळीज काढून देणारा, शेताला चिकटून राहिलेला हल्कू प्रसन्न चेहऱ्याने म्हणतो की निदान थंडीत इथे झोपायला तरी लागणार नाही.

इथे कोणी कोणास समजावले नाही, कोणाचे अश्रू वाहिले नाहीत, भूत आले नाही. एका रात्रीत शेतकऱ्याचा मजूर झाला. केवळ जमीन गेली म्हणून तो मजूर झाला असे नाही. जमीन राखण्याची इच्छा त्याच्यातून निघून गेली. इतिहासाच्या पुस्तकांत शेतकरी शहराकडे का लोटला गेला याची मोठमोठी प्रकरणे असतात : जागतिक मंदी, शेतसारा, सावकारी. ती खरी आहेत, आम्ही ती आमच्या अभ्यासवर्गात शिकवतो. पण तो माणूस स्टेशनावर उतरतो तेव्हा आतून काय होऊन आलेला असतो, हे आम्हांस हल्कूच्या त्या प्रसन्न चेहऱ्यावरून कळले. मुंबईच्या चाळींत, पुढे आमच्या गावच्या औद्योगिक वसाहतीत, असे चेहरे आम्ही पाहिले आहेत. गावची जमीन गेली असे ते हसून सांगतात. ऐकणाऱ्याला तो बेफिकीरपणा वाटतो.

चेकॉव्हविषयी बोलायचे राहिले, आणि त्याला वगळले तर ग्रंथालयातली मंडळी आम्हांस घरी जाऊ देणार नाहीत. त्याची १८९९ ची ‘कुत्रेवाली बाई’ ही काही आमच्या लोकांची गोष्ट नव्हे. गुरोव्ह बँकेतला नोकर, मॉस्कोत दोन घरे, सुट्टीत याल्टाला जाऊन परस्त्रीच्या नादी लागतो. ती बाई पहिल्यांदा पश्चात्तापाने रडते तेव्हा हा स्वस्थपणे कलिंगडाच्या फोडी खात बसतो. पुढे मॉस्कोत त्याला तिची आठवण सुटेना. क्लबातल्या एका सोबत्याजवळ तो मन उघडे करू पाहतो, तर तो सोबती म्हणतो की, मघाशी तुम्ही म्हणालात ते खरे, त्या माशाला वास येत होता. शेवटच्या प्रसंगी ती पुन्हा रडते, आणि गुरोव्ह पुन्हा बसलेला, या वेळी चहा पीत. चेकॉव्हने मुद्दाम तीच मांडणी केली आहे. पण आता तो उठतो, तिला जवळ घेतो, आरशात आपले पिकू लागलेले केस पाहतो, आणि त्याला तिची दया येते. प्रश्न सुटत नाही. अवघड भाग आता कुठे सुरू होतो आहे, एवढे सांगून कथा थांबते. कलिंगड आणि चहा यांत जे अंतर पडले तेवढा माणूस पालटला. चेकॉव्हचा आजोबा भूदास होता, पैसे मोजून सुटलेला. मोठ्या शब्दांवर भरवसा न ठेवण्याचे वळण त्याला घरातूनच मिळाले असावे.

मराठीत १९४५ नंतरच्या नवकथेने चेकॉव्हचा हा धडा गिरवला. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्याविषयी या व्यासपीठावरून आमच्याहून अधिकारी माणसे बोलली आहेत, तेव्हा आम्ही तिकडे वळत नाही. आम्ही अण्णा भाऊ साठ्यांची एक गोष्ट घेऊन थांबतो, कारण ते आमच्यासारखेच शाळेबाहेर शिकलेले, वाटेगावाहून मुंबईला आलेले आणि गिरणीत खपलेले.

‘स्मशानातील सोनं’. वारणेकाठचा भीमा, अंगाने पहाडासारखा, मुंबईच्या उपनगरातल्या दगडाच्या खाणीवर कामाला आहे. खाण बंद पडते. पोटासाठी वणवण करताना त्याला मसणातल्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. ज्या ताकदीने डोंगर फोडला त्याच ताकदीने तो कोल्ह्यांशी झुंजतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात सोने शोधताना त्याची बोटे दातांत अडकतात. दवाखान्यात दोन बोटे काढावी लागतात, आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. भीमा लहान मुलासारखा रडतो.

निकिताच्या पायाची बोटे गेली तरी टॉलस्टॉयने त्याला वीस वर्षांचे काम दिले. अण्णा भाऊ भीमाला पुढचे काही देत नाहीत. कथा त्या रडण्यापाशीच तुटते. प्रेते उकरताना जो रडला नाही, तो काम परत आले तेव्हा रडला. आमच्या मंडळींत या गोष्टीवर नीती-अनीतीची चर्चा झालीच नाही. वाद झाला तो एवढाच की दोन बोटे गेल्यावर पहार धरता येते की नाही. हमाल म्हणाले, येते. एक म्हातारे गृहस्थ पूर्वी खडी फोडण्याच्या कामावर होते. ते म्हणाले, धरता येते, पण मुकादम पुरा रोज लावीत नाही.